एक दिवस आधी

डनिगॉलच्या किनाऱ्यावरून आमचं बेट दिसतं, कधी दिसत नाही.
समुद्राचा नेम नाही, म्हणून
सगळ्या आयर्लंडच्या एक दिवस आधी आम्ही मत देतो.
गुरुवारी सकाळी मॅन्यसच्या होडीतून पेटी आली,
सोबत एक पोलीस, होडी लागलेला, हिरवट.
मी शाळा उघडली. शाळेत आता मुलं नाहीत,
खडूचा वास तेवढा आहे.
यादीत सदतीस नावं,
त्यांतल्या बावीस जणांकडून मी पाढे घोकून घेतलेत.

प्रश्न एवढाच: घटनेतलं एक कलम ठेवायचं की काढायचं.
त्यात आईचा जीव आणि पोटातला जीव
ताजव्यात समसमान.
ताजवा कुणी धरायचा, ते लिहिलेलं नाही.

बेटावर विजेचे खांब तीन.
'होय' आणि 'नाही' एकाच खांबावर बांधले होते,
मंगळवारच्या वाऱ्यानं दोन्ही नेले.
खांबाला करकचलेले प्लॅस्टिकचे पट्टे राहिले.

कॉनल दहाला आला, डर्व्हलाचा हात धरून.
ती सव्वीस वर्षांची, डाउन सिंड्रोम.
कोंबड्या तिच्या, अंड्यांचा हिशेब चोख.
"बाई," तो म्हणाला, "फलकावर जो चेहरा छापलाय ना,
तसला आमच्या घरात आहे. मी वाद काय घालू?"
मला बोलायची परवानगी नव्हती,
असती तरी उत्तर नव्हतं.
डर्व्हला पडद्याआड एकटी गेली. खूप वेळ.
कागदाच्या इतक्या घड्या घातल्या की फटीतून जाईना.
उलगडता उलगडता ओरडली, "डोळे मिटा!"
मी मिटले. पोलिसानंही.

सोर्खा ग्लासगोहून आली, रात्रभर बसमध्ये बसून,
पाठीवरची पिशवी न उतरवता मत दिलं.
तिथल्या दवाखान्यात ती नर्स आहे.
दाराबाहेर मॅन्यसला सांगत होती,
"आपल्याकडच्या बाया येतात. नाव खोटं देतात, गाव खोटं देतात.
हेल थोडाच खोटा देता येतो?
मी ओळखते, आणि ओळख देत नाही."

अटरॅक्टा सहाला आली, काठी टेकत.
चौऱ्याहत्तर साली, पदरात पाच पोरं असताना,
ती तीन दिवस लिव्हरपूलला गेली होती. दात करायला.
परत आली तेव्हा दात तेच,
पुढचा किडका सुद्धा जागच्या जागी.
साऱ्या बेटाची दातखीळ बसली.
कुणी तिच्या दाराशी बटाटे ठेवून गेलं,
कुणी तिचं दार टाळून लांबच्या वाटेनं गेलं.
दोन्ही आमच्याच घरातली:
बटाटे आईचे,
लांबची वाट माझी. मी वीस वर्षांची होते.
मॅन्यसच्या बापानं जाताना तिच्याकडून भाडं घेतलं नाही.
येताना घेतलं.
बेटानं ते पोटात ठेवलं,
चव्वेचाळीस वर्षं.

"टोक काढून दे," ती म्हणाली.
मी काढलं. हात नीट चालेना, दोनदा मोडलं.
"एवढ्या गोष्टीला पुसली जाणारी पेन्सिल कशाला ठेवता ग?"
पडद्याआड गेली आणि लगेच आली,
जणू चहात साखर किती एवढंच कुणी विचारलं होतं.
पेटीत कागद टाकून माझ्याकडे पाहिलं, हसली,
नखानं वाजवून दाखवली
पांढरीशुभ्र, एकसारखी कवळी.
"हे मात्र खरंच केलेत."

काय खूण केली, तिनं सांगितलं नाही.
तिची ती बाजू असेलच, असं तुम्ही धरून चालाल.
मी चालत नाही.

आठाला चार मिनिटं असताना
मी माझ्या नावापुढे रेघ मारली,
तीच पेन्सिल घेतली,
आणि पडद्याआड इतका वेळ उभी राहिले
की पोलीस खाकरला.

पेटीला सील लागलं. लाट वाढत होती.
मॅन्यसनं ती फळीला बांधली नाही,
मांडीवर घेतली,
आणि सुकाणू पोलिसाला धरायला सांगितलं,
ज्याला पोहताही येत नव्हतं.